परदेशी पाहुणा आणि गावचा इतिहास

जिल्ह्यातील ऐतिहासिक स्थळे पाहण्यास परदेशी प्रवासी अधूनमधून येतात. वाट विचारीत ते गावात शिरले की गावकरी त्यांना बहुधा शाळेकडे धाडतात. कारण चार इंग्रजी वाक्ये बोलणारा व इतिहास जाणणारा मनुष्य म्हणजे शिक्षक, अशी गावाची समजूत असते. अशा वेळी काय सांगावे व कसे सांगावे, याचा विचार शिक्षकाने आधीच करून ठेवणे इष्ट होय.

सर्वांच्या परिचयाचे उदाहरण चांदबिबी महालाचे. नगर शहराच्या पूर्वेस शहा डोंगरावरील ही तिमजली अष्टकोनी इमारत सर्वत्र याच नावाने ओळखली जाते. वस्तुतः तो महाल नव्हे; मुर्तजा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची ती कबर होय. तेथे राणी राहत होती असे सांगितल्यास पाहुणा ते टिपून नेईल आणि शेजारी उभी असलेली मुलेही तेच मनात ठेवतील. पाहुणा दुसऱ्या दिवशी निघून जातो; मुले मात्र येथेच राहतात व तीच चूक पुढच्या पिढीस सांगतात. म्हणून लोकांतील नाव व खरी हकीगत ही दोन्ही सांगावीत. त्यामुळे चांदबिबीची थोरवी उणी होत नाही. तिचे खरे स्मारक भुईकोट किल्ला हे आहे. १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंग लावून तट पाडला असता, तिने ते खिंडार रातोरात बुजवून घेतले व किल्ला राखला.

परंपरा ही चुकीहून वेगळी गोष्ट आहे. नेवाशास ज्या पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली असे मानतात, तो खांब दाखविताना ‘अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे’ असे म्हणावे. ग्रंथाच्या अखेरीस शके १२१२, म्हणजे इ. स. १२९०, हा काळ दिलेला आहे, तो मात्र निश्चितपणे सांगावा.

पाहुणा कशासाठी आला आहे, हे प्रथम विचारावे. १९४२ नंतर भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध असता पंडित नेहरूंनी १९४४ साली ‘भारताचा शोध’ हा ग्रंथ लिहिला, हे आपण सांगतोच. परंतु दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धकैदी येथे ठेवले होते आणि पहिल्या महायुद्धात जर्मन लोकही नगरास अटकेत होते. अशा कुटुंबातील कोणी आजोबांच्या आठवणीने आला असेल, तर त्याचे म्हणणे आधी ऐकून घ्यावे. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने परदेशी नागरिकास तेथे नेण्यापूर्वी परवानगीची चौकशी अवश्य करावी. त्याच्या पुस्तकात जिल्ह्याचे नाव अहमदनगर असेल. २०२४ साली ते अहिल्यानगर झाले आणि ज्यांच्यावरून हे नाव दिले त्या अहिल्याबाई होळकर जामखेड तालुक्यातील चौंडीच्या, हे समजावून द्यावे.

एखाद्या प्रश्नाचे उत्तर येत नसेल, तर तसे मोकळेपणाने सांगावे. गुरुजी ‘मला ठाऊक नाही, शोधून पाहू’ असे म्हणताना विद्यार्थ्यांनी ऐकले, तर तो इतिहासाचाच एक चांगला पाठ ठरेल.