कुरकुंभच्या खोलीतलं छोटं बटण

कुरकुंभ एमआयडीसीच्या रासायनिक कारखान्यांत ठिणगी म्हणजे संकट. म्हणून तिथे अर्थिंग मोजतात, आकडा नोंदवून ठेवतात. तिथलाच कामगार पाळी संपवून भाड्याच्या खोलीवर येतो आणि बादलीत हीटरचा रॉड टाकतो. या खोलीचं अर्थिंग कुणी मोजलंय?

‘एमसीबी आहे ना’ म्हणून आपण निर्धास्त राहतो. पण 16 अँपिअरचा एमसीबी वायरीला जपतो. शरीराचा रोध 1000 ओहम धरला, तर 230 व्होल्टला त्यातून 0.23 अँपिअर प्रवाह जातो. एमसीबीच्या लेखी हा एका पंख्याएवढा भार, पण माणसाचा जीव घ्यायला तेवढा पुरतो.

माणसाला जपतो तो आरसीसीबी, आणि त्याची युक्ती पाहून मी दर वेळी थक्क होतो. फेज आणि न्यूट्रल एकाच चुंबकीय कड्यातून जातात. गेली तेवढीच वीज परत आली, तर दोघांची चुंबकक्षेत्रं एकमेकांना पुसून टाकतात. त्यातली 30 मिलीअँपिअर जरी शरीरातून जमिनीत गेली, तरी हिशेब चुकतो, कड्यावरच्या वेटोळ्यात वीज उपजते आणि पुरवठा तुटतो, फार तर 0.3 सेकंदात!

कुरकुंभ ज्यात येतं त्या दौंडसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात आरसीसीबीचं मोल आणखी वाढतं. उन्हाळ्यात जमीन सुकते, मीठ-कोळशाचा खड्डाही कोरडा पडतो आणि अर्थिंगचा रोध चढतो. तो 5 ओहम झाला, तर वॉशिंग मशीनच्या पत्र्यात वीज उतरल्यावर जमिनीत जास्तीत जास्त 46 अँपिअर जातील. एवढ्यावर 16 अँपिअरचा एमसीबी पुरवठा तोडायला कित्येक सेकंद घेऊ शकतो. आरसीसीबीला मात्र शेकडो ओहमचं अर्थिंगही चालतं.

आरसीसीबीवरचं ‘टी’ बटण आतल्या आत थोडी गळती घडवून यंत्रणा तपासतं. अर्थिंग आहे की नाही, हे ते सांगत नाही. त्यासाठी मीटर लावावा लागतो, आणि वायरींचं इन्सुलेशन पाहायला 500 व्होल्टचा मेगर.

इंग्लंडमध्ये 2020 च्या नियमांनी भाड्याच्या घरांची अशी तपासणी निदान दर 5 वर्षांनी सक्तीची केली. आपल्याकडे नव्या जोडणीच्या वेळी परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो, पण भाडेकरार नोंदवताना असा दाखला कुणी मागत नाही. हे बदलायलाच हवं.

तोवर कुरकुंभला खोली घेताना डिपॉझिट देण्याआधी बोर्डावर आरसीसीबी शोधा, ‘टी’ दाबून पाहा. आणि घरमालकांनो, परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग व इन्सुलेशन मोजून घ्या, आकडे तारखेसह भाडेकरूच्या हाती द्या.