उरलेल्या रकान्यांचा विचार

दहावीचा निकाल लागला, की अकरावीच्या प्रवेशअर्जावरील विषयांचे जे रकाने भरावे लागतात, ते भरण्याचे काम बहुतेक घरांत मुलाकडे नसतेच. गुणपत्रिकेचा हिशेब वडील मांडतात, शेजारच्या इमारतीतील एखाद्या यशस्वी मुलीचा दाखला आई देते, शिकवणीवर्गाचा मार्गदर्शक एक छापील तक्ता पुढे सरकवतो, आणि ज्याच्या पुढील दहा-बारा वर्षांची आखणी त्या कागदावर होत असते तो पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा सही तेवढी करतो. ‘डॉक्टर व्हायचंय ना, मग गणित सोडून दे,’ हे वाक्य मी अशा घरांतून इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याची एकदा शांतपणे शहानिशा व्हावी, असे मला मनापासून वाटते.

प्रथम कायद्याची बाब पाहू. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नियमांप्रमाणे एम.बी.बी.एस.च्या प्रवेशासाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान आणि इंग्रजी हे विषय घेऊन बारावी उत्तीर्ण झालेले असावे लागते. त्यापुढची ‘नीट’ ही परीक्षा ७२० गुणांची. त्यांपैकी ३६० गुण जीवशास्त्राचे, आणि भौतिक व रसायन यांचे प्रत्येकी १८०. गणिताचे नाव यात कोठेही नाही, हे खरे. पण याचाच दुसरा अर्थ असा, की वैद्यक ध्येय मानणाऱ्या मुलाला मुख्य विषयांत निवडीला वावच नाही. ते नियमाने आधीच ठरवून टाकले आहेत. खरी निवड उरते ती चौथ्या वैकल्पिक विषयाची आणि दुसऱ्या भाषेची, आणि नेमके तेच दोन रकाने आपण ‘गुण कशात पडतील’ एवढ्या एका निकषावर घाईघाईने भरून मोकळे होतो.

हा निकष आला कोठून, याचाही शोध घेतला पाहिजे. आमच्या वडिलांच्या पिढीत इंटर सायन्सचे दोन गट असत: गणिताचा ‘ए’ ग्रुप अभियांत्रिकीच्या वाटेचा आणि जीवशास्त्राचा ‘बी’ ग्रुप वैद्यकाच्या. वैद्यकीय महाविद्यालयाचा दरवाजा त्या परीक्षेच्या गुणांवरच उघडत असल्यामुळे गुण देणारा विषय घेण्यात व्यवहारज्ञान होते. पुढे इंटरची जागा बारावीने घेतली, त्यानंतर राज्याची सामाईक परीक्षा आली, आणि २०१३ साली एकदा येऊन गेलेली ‘नीट’ २०१६ पासून कायमची स्थिर झाली. आज प्रवेशाची गुणवत्ता यादी ‘नीट’वरून लागते, बारावीची पात्रतेची अट तेवढी पूर्ण करायची असते. तेव्हा चौथ्या विषयात पंचाण्णव गुण मिळाले काय आणि साठ मिळाले काय, वैद्यकाच्या प्रवेशात त्याने काडीचाही फरक पडत नाही. कारण नाहीसे होऊनही रीत तेवढी मागे राहिली आहे.

अनेक कनिष्ठ महाविद्यालयांत दुसरी भाषा आणि एक वैकल्पिक विषय यांच्या बदल्यात दोनशे गुणांचा द्विलक्षी विषय घेण्याची सोय असते, आणि गणित सोडणारी मुले तेथे पुष्कळदा क्रॉप सायन्सकडे वळतात. ज्याच्या घरी शेती आहे, मातीची व पिकाच्या रोगांची ज्याला मुळातून ओढ आहे, त्याने तो विषय अवश्य घ्यावा. वनस्पतिशास्त्राला त्याची जोड उत्तम बसते. परंतु केवळ टक्केवारी फुगावी म्हणून तो घेणाऱ्याने आपण नेमके काय विकत घेतले आणि त्याच्या मोबदल्यात काय देऊन बसलो, याचा जमाखर्च मांडावा.

देऊन बसतो ते बहुधा गणित. भौतिकशास्त्राच्या अकरावीच्या पुस्तकात सदिश आणि कलनाची तोंडओळख आरंभीच येते. ज्याने गणिताला रजा दिली, त्याला ते सारे सूत्रांच्या पाठांतराने पार करावे लागते, आणि ‘नीट’मध्ये पुष्कळ हुशार मुले अडतात ती भौतिकशास्त्रापाशीच. पण परीक्षा ही लहान गोष्ट झाली. ज्याँ प्वाझय हा एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच वैद्य पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये गणित आणि भौतिकी शिकून मग वैद्यकाकडे आला, आणि अरुंद नळ्यांतून द्रव कसा वाहतो याचा नियम त्याने १८४० च्या दशकात मांडला. तो नियम सांगतो, की दाब तोच राहिला तर प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे नळीची त्रिज्या निम्मी झाली, की प्रवाह अर्ध्यावर येऊन थांबत नाही, सोळाव्या हिश्श्यावर येतो. रक्तवाहिनी अरुंद होत जाणे शरीराला इतके महाग का पडते, याचे मर्म या चौथ्या घातात आहे, आणि घात म्हणजे काय हे ज्याच्या अंगवळणी पडले आहे त्याला ते एका दृष्टिक्षेपात उमगते.

याहूनही नित्याचे एक उदाहरण घेतो. समजा, एखादा आजार हजारांत एकाला आहे, आणि त्याची चाचणी आजारी माणसाला कधीही चुकवत नाही, मात्र निरोगी माणसांपैकी शंभरांत पाचांना उगीचच आजारी ठरवते. दहा हजार माणसे तपासली, तर खरे आजारी दहाच. पण चुकून आजारी ठरलेले जवळजवळ पाचशे. म्हणजे चाचणीचा कागद घेऊन घाबरलेला जो माणूस डॉक्टरांपुढे बसतो, तो खरोखर आजारी असण्याची शक्यता पन्नासांत एक एवढीच. हा हिशेब ज्या डॉक्टरला करता येत नाही, तो त्या माणसाची भीती अकारण वाढवील. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: ज्याला गणित जमते आणि थोडेफार आवडते, त्याने ते केवळ सल्ल्याखातर सोडू नये.

त्याला व्यवहाराचीही एक बाजू आहे. ‘नीट’ला दरवर्षी वीस लाखांहून अधिक मुले बसतात, आणि एम.बी.बी.एस.च्या जागा देशभरात लाखाहून काहीशा अधिक आहेत. गणित हाताशी असले, तर अभियांत्रिकी किंवा संख्याशास्त्र यांच्या वाटा मोकळ्या राहतात. नसले, तरी औषधनिर्माण, कृषी, परिचर्या यांच्या वाटा आहेतच, आणि त्या कमी प्रतीच्या आहेत असे मानण्याचे कारण नाही. उलट दिशेने नियमही सैल झाला आहे: जीवशास्त्र न घेता बारावी झालेल्याला ते मागाहून अतिरिक्त विषय म्हणून उत्तीर्ण करून ‘नीट’ देण्याची मुभा आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिली. अर्थात चारही विषयांचा भार सर्वांना पेलवत नाही. ज्या मुलीला गणिताच्या वहीपुढे बसले की रडू कोसळते, तिने ते निःसंकोच सोडावे.

एक इशारा येथेच देऊन ठेवतो. राज्यातील शासकीय महाविद्यालयांच्या ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातल्या, आणि त्यांसाठी अधिवासाच्या दाखल्याबरोबर दहावी व बारावी महाराष्ट्रातूनच उत्तीर्ण झालेली असावी, अशी सर्वसाधारण अट आहे. शिकवणीसाठी मुलाला परराज्यात धाडून बारावीचा अर्जही तिकडूनच भरणाऱ्या पालकांनी हा नियम आधी वाचावा.

राहिला भाषेचा रकाना. तेथे मराठी काढून माहिती तंत्रज्ञान घालणे ही आता सर्रास रीत झाली आहे, कारण पुन्हा तेच, गुण. पण बाह्यरुग्ण विभागात बसलेली म्हातारी आपले दुखणे पुस्तकातल्या शब्दांत सांगत नाही. ती म्हणते, छातीत कळ येते. म्हणते, जीव कासावीस होतो. म्हणते, डोळ्यांपुढे अंधारी येते, पोटात गुबारा धरतो, अंग मोडून येते. यांतल्या प्रत्येक शब्दाचा रोख निराळ्या अवयवाकडे, निराळ्या तपासणीकडे आहे. एम.बी.बी.एस.च्या आरंभीच्या पायाभूत वर्गांत स्थानिक भाषेच्या शिकवणीची तरतूद करावी लागली, ती परप्रांतातून आलेल्या विद्यार्थ्यांना हे शब्द कळावेत म्हणून; आणि त्याच वर्गात शेजारच्या बाकावर, अकरावीच्या अर्जावर मराठी खोडून आलेला, लातूरचा किंवा नाशिकचा आपला मुलगाही बसलेला असतो.