शब्दाची जात कामावरून ओळखावी



मागे एका गावी पीकपाहणी आटोपून एका घरी चहाला टेकलो होतो. घरधनी फवारणीच्या तयारीत होते. त्यांच्या हातातल्या बाटलीवरची इंग्रजी ओळ आठवीतल्या मुलाने मोठ्याने वाचली, ‘शेक वेल बिफोर यूस.’

आजीने विचारले, ‘म्हंजी काय रं?’

‘वापरायच्या आधी विहीर हलवा!’

सगळे हसले. पोर ओशाळले. मी त्याला जवळ घेऊन म्हटले, ‘बाळ, वेल म्हणजे विहीर हे खरेच आहे. फक्त इथे तो शब्द कोणते काम करतो, ते बघायचे राहिले.’

आपल्याकडे एकच गडी सकाळी औत हाकतो, दुपारी मोट बांधतो. तसेच इंग्रजी शब्दांचे आहे. ‘द वेल इज डीप’ म्हणजे विहीर खोल आहे. इथे मागे ‘द’ आहे, वस्तूचे नाव आहे, म्हणून ‘वेल’ हे नाम. बाटलीवर मात्र ‘शेक’ हे क्रियापद आहे. कसे हलवायचे? तर चांगले. म्हणून तिथे ‘वेल’ क्रियाविशेषण झाले.

‘वॉटर’चेही तसेच. ‘द वॉटर इज कोल्ड’ यात ते नाम, पाणी. ‘फार्मर्स वॉटर द प्लांट्स’ यात ते क्रियापद, पाणी देतात. मराठीत ‘पाण्याला’, ‘पाण्याने’ असे शब्दाचे रूपच बदलते. इंग्रजीत बहुधा रूप तेच राहते, जागा बदलते. म्हणून जागा पाहावी.

मुलांना चार प्रश्न विचारायला शिकवा. कोण किंवा काय? उत्तर येईल ते नाम किंवा सर्वनाम. काय करतो? क्रियापद. नाम कसे आहे? विशेषण. क्रिया कशी, कधी, कुठे घडते? क्रियाविशेषण. राहिलेल्यांत ‘अँड’, ‘बट’ जोडणारी उभयान्वयी, ‘ओह’ केवलप्रयोगी. आपले शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून लागते, झाडाखाली; इंग्रजीत ते आधी येते, ‘अंडर द ट्री’. ‘बिफोर यूस’ही तसेच, वापरण्यापूर्वी.

हे केवळ परीक्षेतल्या गुणांपुरते नाही. काही औषधांचा साका तळाशी बसतो. बाटली न हलवता ओतली, तर आधीचा पंप पातळ जातो आणि शेवटचा जहाल होऊन पीक करपू शकते.

निघताना तोच मुलगा वडिलांना म्हणाला, ‘दादा, बाटली नीट हलवा बरं का. विहीर राहू द्या!’