देठ सांभाळा, भोपळा टिकेल!

बालमित्रांनो, दिवाळीच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यातल्या खेड्यात गेलात, तर एखाद्या माळवदावर किंवा गोठ्याच्या पत्र्यावर ऐसपैस बसलेला लाल भोपळा दिसेल. कुणी त्याला डांगर म्हणतं, कुणी काशीफळ. मूळचा हा पाहुणा अमेरिका खंडातला. पण आता अगदी घरचाच झालाय!

एका वेलाला चार-पाच भोपळे लागले, तर ते एकदम खाणार कोण? टिकवायलाच हवेत. त्याची सुरुवात होते तोडणीपासून.

आधी देठ बघा. तो वाळून लाकडासारखा टणक झालाय? सालीवर नख हलकेच टेकवा. रुतत नाही? मग भोपळा पिकला! तो ओढून तोडू नका. मोठ्या माणसांकडून चार बोटं देठ ठेवून कापून घ्या. उचलताना मात्र देठ धरायचा नाही, दोन्ही हात खाली घालायचे. का बरं? जाड साल म्हणजे भोपळ्याचं बंद दार. देठ उपटला किंवा सालीला जखम झाली, की तिथून बुरशी आत शिरते आणि महिनोन् महिने वाढवलेलं फळ बघता बघता सडतं.

वसमतकडची हळद शिजवून, उन्हात वाळवून मगच साठवतात ना? भोपळा शिजवायचा नाही, पण त्यालाही आठ-दहा दिवस कोरड्या, हवेशीर जागी राहू द्या. साल आणखी कडक होते. मग गोणपाटावर किंवा कडब्यावर, एकमेकांना न टेकवता ठेवा. धुऊ नका! असा भोपळा दोन-तीन महिने सहज टिकतो. ओरखडा पडलेला असेल, तो आधी खा.

एकदा चिरला, की मात्र दोन-चार दिवसांत संपवायचा. म्हणून तर एक फोड शेजारी जाते! उरलेल्याची भाजी करा. नाहीतर किसून गुळात शिजवा, कणीक मळा आणि आईला घाऱ्या तळायला सांगा. भोपळ्याच्या केशरी रंगातूनच शरीर डोळ्यांना हवं असलेलं ‘अ’ जीवनसत्त्व तयार करतं. फोड कडू लागली, तर लगेच थुंका आणि तो भोपळा टाकून द्या. शिजवूनही तो कडूपणा जात नाही, पोट बिघडतं.

बिया धुऊन सावलीत वाळवा. थोड्या भाजून खा, थोड्या पुढच्या पावसाळ्यासाठी ठेवा. आणि हो, साठवलेल्या प्रत्येक भोपळ्यावर खडूनं तारीख लिहा. दर रविवारी देठ तपासा. बघू या, तुमचा कोणता भोपळा जास्त दिवस टिकतो!