दारू सुटली, आता राहावयाचे कोठे?

राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. सुधाकराचा अधःपात आणि सिंधूची करुण कहाणी महाराष्ट्राच्या पिढ्यान् पिढ्यांना ठाऊक आहे. परंतु त्या नाटकातील एका गोष्टीकडे आपले जावे तितके लक्ष गेलेले नाही. सुधाकराने दारू सोडण्याचा निश्चय केलाच नाही, असे नव्हे. तो निश्चय करतो आणि मनापासून करतो. परंतु तो निश्चय घेऊन ज्या जगात पाऊल टाकावयाचे, त्या जगाला त्याचे काडीइतकेही मोल वाटत नाही. पदरी अपमान येतो, आणि सुधाकर माघारी फिरतो तो थेट प्याल्याकडेच. तळीरामापाशी पिणाऱ्यांचे ‘आर्य मदिरा मंडळ’ होते. तेथे बैठक होती, सोबत होती, येणाऱ्याचे स्वागत होते. दारू सोडणाऱ्यासाठी मात्र अवघ्या गावात एकही मंडळ नव्हते. शंभराहून अधिक वर्षे लोटली. मध्यंतरी कायदे झाले, परवाने झाले, उपचारकेंद्रेही झाली. परंतु ही उणीव बव्हंशी तशीच राहिली आहे, आणि तिच्याविषयी आज चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

व्यसनमुक्तीची केंद्रे आपल्याकडे नाहीत असे कोणी म्हणणार नाही. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली, आणि डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ साली पुण्यास येरवड्यात ‘मुक्तांगण’ उभे राहिले. हे महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातील एक उजळ पान आहे. तेथे आणि तशा अन्य चांगल्या संस्थांत माणूस सुमारे महिनाभर राहतो. शरीरातील विष उतरते, हातांचा कंप थांबतो, भूक लागते, झोप येते. मग निरोपाचा दिवस उजाडतो. माणूस पिशवी उचलतो, रिक्षात बसतो आणि आपल्या गल्लीच्या तोंडाशी उतरतो. तेच दुकान, तेच मित्र, तीच देणी, भिंतीपलीकडे तेच भांडण. जो मुलूख सोडून तो महिनाभर दूर होता, त्याच मुलखाच्या मध्यावर आपण त्याला आणून सोडतो, आणि तीन महिन्यांनी तो पुन्हा प्याला म्हणजे ‘ये रे माझ्या मागल्या’ म्हणून कपाळाला हात लावतो!

व्यसन हा नुसता इच्छाशक्तीचा दोष नव्हे, हे वैद्यकशास्त्राने आता निःसंशय दाखवून दिले आहे. मेंदूच्या रचनेत व व्यापारात झालेले फेरबदल अखेरचा घोट घेतल्यानंतरही महिनोन् महिने टिकून राहतात. ठराविक वेळ, ठराविक रस्ता, पगाराचा दिवस, ओळखीचा वास एवढ्यानेही तलफ जागी होते. रक्तदाब वा दमा यांप्रमाणेच हा उलटणारा रोग आहे. सारी भीती असते ती पहिल्या काही महिन्यांची. मोडलेल्या हाडाला प्लास्टर घातले तर ते किती दिवस ठेवावयाचे हे आपण डॉक्टरांना विचारतो. येथे मात्र प्लास्टर घातल्याच्या दुसऱ्या दिवशीच रोग्याने धावावे, अशी आपली अपेक्षा असते. रुग्णालय आणि घर यांच्या मधला एक मुक्काम असावा लागतो. अमेरिकेत अशा मुक्कामांना ‘सोबर होम’ म्हणतात. आपण त्यांना ‘निर्व्यसन-निवास’ म्हणू.

या निवासांपैकी एका प्रकाराचा इतिहास विशेष मनन करण्याजोगा आहे. १९७५ साली मेरीलँड राज्यातील सिल्व्हर स्प्रिंग या गावी व्यसनातून उठलेल्यांसाठी चालणारे एक वसतिगृह पैशाअभावी बंद करण्याचे तेथील स्थानिक सरकारने ठरविले. तेथे राहणाऱ्या तेरा जणांपुढे प्रश्न पडला, जावयाचे कोठे? त्यांत पॉल मलॉय नावाचे एक वकील होते. या लोकांनी अर्ज-विनंत्यांत काळ दवडला नाही. तेच घर त्यांनी स्वतः भाड्याने घेतले. व्यवस्थापक ठेवावयास पैसे नव्हते, म्हणून कारभार आपणच पाहावयाचा असे ठरले. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या १९३५ साली जन्मलेल्या चळवळीला ज्या ‘ऑक्सफर्ड ग्रुप’पासून प्रेरणा मिळाली होती, त्याचे स्मरण म्हणून घराचे नाव ‘ऑक्सफर्ड हाउस’ ठेवण्यात आले. आज अमेरिकेत अशी तीन हजारांहून अधिक घरे आहेत.

या घरांचे नियम तीन, आणि तिन्ही कोणाही गृहस्थाला समजतील असे. पहिला, घराचा कारभार राहणाऱ्यांनी लोकशाही पद्धतीने चालवावयाचा. दुसरा, घरखर्च ज्याचा त्याने कमवून भरावयाचा. तिसरा, जो पुन्हा दारू वा अमली पदार्थ घेईल त्याने तत्काळ घर सोडावयाचे. घरात पगारी नोकर नाही, डॉक्टर नाही, अधीक्षक नाही. अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार राहणाऱ्यांतूनच निवडले जातात आणि सहा महिन्यांनी बदलतात. आठवड्याला सभा होते. भाडे कोणाचे राहिले, स्वयंपाकघर कोणी झाडले नाही, कोणाचे वागणे अलीकडे चमत्कारिक वाटते, हे सारे सभेपुढे येते. नव्या माणसाला घ्यावयाचे तर शेकडा ऐंशी मते लागतात. एकदा आत आल्यावर मात्र किती दिवस राहावे याला मर्यादा नाही. भाडे भरावे आणि निर्व्यसनी राहावे, म्हणजे झाले.

यात जादू कोणती? वरवर पाहता काहीच नाही. परंतु ज्याच्या हाती गेली दहा वर्षे कोणी पाच रुपयेही विश्वासाने ठेवले नाहीत, त्याच्या हाती हे घर आपल्या खजिन्याची किल्ली देते. व्यसनी माणसाने आरोग्याइतकीच गमावलेली दुसरी वस्तू म्हणजे पत, आणि ती कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळत नाही. शिवाय समदुःखी माणसाला फसविणे कठीण. पत्नीला सांगितलेली सबब पत्नीला खरी वाटेल, आईला तर वाटेलच वाटेल. परंतु जेवणाच्या टेबलाशी समोर बसलेल्याने तीच सबब स्वतः शंभरदा सांगितलेली असते! आणि नवा माणूस थरथरत दारात उभा राहतो, तेव्हा सहा महिने जुन्या झालेल्या माणसाला आपण कोठून कोठवर आलो हे त्या एका दर्शनाने जितके कळते, तितके शंभर व्याख्यानांनी कळत नाही.

ही केवळ भावनेची गोष्ट नव्हे. शिकागोच्या डी पॉल विद्यापीठातील लिओनार्ड जेसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी इलिनॉय राज्यात उपचार संपवून बाहेर पडणाऱ्या दीडशे व्यक्ती घेतल्या. त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणे निम्म्यांना ऑक्सफर्ड हाउसमध्ये पाठविले आणि निम्म्यांना नेहमीच्या व्यवस्थेवर सोपविले. दोन वर्षांनी पाहता नेहमीच्या व्यवस्थेतील सुमारे ६५ टक्के पुन्हा नशा करीत होते. घरांत गेलेल्यांत हे प्रमाण सुमारे ३१ टक्के होते. महिन्याची सरासरी मिळकत एका बाजूस ४४० डॉलर, तर दुसऱ्या बाजूस ९८९ डॉलर. तुरुंगात असलेल्यांचे प्रमाण ९ टक्के विरुद्ध ३ टक्के. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. दीडशे माणसांची एक पाहणी म्हणजे वेदवाक्य नव्हे, आणि घरात राहूनही तिघांतील जवळजवळ एक घसरलाच, हेही विसरता कामा नये. तथापि ज्या रोगात निराशा हाच नियम मानला जातो, त्यात घसरणाऱ्यांची संख्या निम्म्यावर येणे ही सामान्य गोष्ट नाही. आणि तीही अशा उपायाने, ज्याचा बहुतेक खर्च रोगी स्वतःच उचलतो!

सरकारने यात काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. १९८८ च्या अमेरिकन कायद्याने प्रत्येक राज्याला एक लाख डॉलरचा फिरता निधी ठेवण्यास सांगितले. सहा वा अधिक व्यसनमुक्तांनी घर घ्यावयाचे ठरविले की अनामत व पहिले भाडे यांसाठी चार हजार डॉलरपर्यंत कर्ज, आणि ते दोन वर्षांत हप्त्यांनी परत. पुढे ही सक्ती उरली नाही. परंतु धर्मादाय देण्याऐवजी परतफेडीचे कर्ज देण्यात त्या माणसांचा जो मान राखला गेला, तो आमच्या मते रकमेहून मोठा होता.

अर्थात या चित्राला काळी बाजू आहे आणि ती लपविणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जेथे घर राहणाऱ्यांचे असते तेथे ते टिकते. जेथे ते नफेखोराचे होते तेथे नरक होतो. २०२३ साली ॲरिझोना राज्यात ‘सोबर होम’ची पाटी लावून आदिवासी इंडियन लोकांना गोळा करणाऱ्या आणि न दिलेल्या उपचारांची बिले सरकारी आरोग्य योजनेकडून उकळणाऱ्या टोळ्यांचा प्रकार उघडकीस आला. कित्येक घरे डॉक्टरांनी दिलेले औषधही ‘नशा’ ठरवून ते घेणाऱ्यास दारात उभे करीत नाहीत. अफूजन्य पदार्थांच्या व्यसनात असा हट्ट प्राणावर बेतू शकतो. आणि आपण तरी दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ कोणत्या तोंडाने दाखवावे? २००१ साली तामिळनाडूत एरवाडी येथे साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत होरपळून मेले. असहाय माणसाला चार भिंतींत ठेवण्याचा धंदा निर्वेध सोडला तर काय होते, याचा तो कायमचा धडा आहे. म्हणून अशा निवासाची नोंदणी, अचानक तपासणी, आणि राहणाऱ्याला वाटेल तेव्हा बाहेर पडण्याचे स्वातंत्र्य या अटींवाचून आम्ही त्याची शिफारस करणार नाही.

यावर आमच्या वाचकांपैकी कित्येक म्हणतील, ‘हे सारे अमेरिकेला ठीक, आपल्याकडे कुटुंब आहे.’ कुटुंब आहे खरे, आणि त्याने केलेल्या सेवेला तोड नाही. परंतु त्या कुटुंबाचे काय होते, हे एकदा डोळे उघडून पाहावे. पत्नी संध्याकाळी दारातच श्वासाचा वास घेते, रात्री खिसे तपासते. मुलगा बापाच्या पावलांच्या आवाजावरून आजची रात्र कशी जाणार हे ओळखावयास शिकतो. तेथे प्रेम संपत नाही, परंतु त्याची जागा पहारा घेतो. आणि पहारेकरी व कैदी एका ताटात जेवू शकत नाहीत. काही महिने वेगळे राहून, कमवून, घरी पैसे पाठवून परतलेला माणूस हा कुटुंबाला लाभच आहे. आणि ज्यांना कुटुंबच नाही, त्यांचे काय? गावाकडून आलेला, एका खोलीत सात पिणाऱ्या सोबत्यांबरोबर राहणारा तरुण आणि माहेर-सासर दोन्ही तुटलेली व्यसनी स्त्री यांना ‘घरी जा’ म्हणणे ही क्रूर थट्टा आहे.

प्रश्न किरकोळ आहे असे समजण्याचे कारण नाही. केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे मद्याच्या घातक सेवनाने वा अवलंबित्वाने ग्रासलेले लोक देशात पाच कोटी सत्तर लाखांहून अधिक होते. आणि मद्यावर अवलंबून असलेल्या दर अडतीस जणांमागे एकालाच कसला ना कसला उपचार मिळाला होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व अमली पदार्थांमुळे होणारे मनोविकार आपल्या कक्षेत घेतले आहेत, आणि उपचारांनंतरच्या मधल्या मुक्कामाची घरे व आधारयुक्त निवास यांची तरतूद करण्याचे उत्तरदायित्व शासनावर टाकले आहे. कायदा आहे, घरे कोठे आहेत? १९४९ चा दारूबंदी कायदा पुस्तकात ठेवून त्याच्याच परवान्यांतून महाराष्ट्राचे सरकार दरवर्षी हजारो कोटींचा महसूल गोळा करते. त्या रकमेतील चिमूटभर हिस्सा अनामतीच्या फिरत्या निधीसाठी बाजूस काढणे ही उदारता नव्हे. ते साधे ऋणमोचन होय.

परंतु सरकारकडे बोट दाखवून आपली सुटका करून घेण्याचा मध्यमवर्गीय सुशिक्षितांना अधिकार नाही. उद्या सरकारने पैसे दिले आणि आठ व्यसनमुक्त माणसे आपल्या गृहनिर्माण संस्थेत एक सदनिका भाड्याने मागावयास आली, तर सर्वसाधारण सभेत काय होईल? अविवाहित नोकरदारांना जागा देताना जेथे दहा अटी घातल्या जातात, तेथे या माणसांना जिन्यातूनच परतावे लागेल. अमेरिकेतही हेच झाले. वॉशिंग्टन राज्यातील एडमंड्स नगराने, एका घरात नात्याने न जोडलेली पाचांहून अधिक माणसे राहू शकत नाहीत, हा नियम दाखवून तेथील ऑक्सफर्ड हाउसला विरोध केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि अशा नियमाआड लपून नगराला गृहविषयक भेदभावाच्या कायद्यातून सुटता येणार नाही, असा निर्णय १९९५ साली झाला. आपल्याकडे तसा निकाल येईपर्यंत थांबावयाचे काय? शेजाऱ्यांची भीती आम्हांस समजते. परंतु ज्या घरात पिणाऱ्याला त्याच दिवशी बाहेर काढतात, ते घर इमारतीतील अन्य कित्येक घरांहून अधिक निर्धोक आहे, हे शांतपणे विचार केला तर कोणासही पटावे.

सुधाकराला उपदेश करणारे पुष्कळ होते, त्याच्यासाठी रडणारेही होते. निश्चयाच्या त्या दिवशी त्याला हवी होती ती निजावयास एक खाट, करावयास एक काम आणि ‘मीही तेथूनच आलो’ असे म्हणणारा एक सोबती. या तिन्ही गोष्टी दुर्मिळ नाहीत. आपल्या शहरात त्या देणारे पहिले घर उभे राहील, तेव्हा त्याच्या शेजारच्या दारावर कदाचित आमच्या एखाद्या वाचकाच्या नावाची पाटी असेल. ते दार त्या दिवशी बंद होऊ नये, एवढीच आमची विनंती आहे.