चोवीस तासांत पोलीस मदत केंद्र, मग आगीचा बंब का नाही?

नोव्हेंबर २०२३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेजवळ असलेल्या वांगेतुरी या गावी पोलीस खात्याने अवघ्या चोवीस तासांत पोलीस मदत केंद्र उभे करून दाखविले. जेसीबी आले, ट्रक आले, शेकडो जवान राबले आणि जंगलात एका दिवसात एक वसाहत तयार झाली. त्यानंतर जानेवारी २०२४ मध्ये गर्देवाडा येथे आणि पुढे भामरागड तालुक्यात पेनगुंडा, नेलगुंडा, कवंडे येथेही अशीच केंद्रे झाली. वर्तमानपत्रांनी कौतुक केले. आम्हीही करतो. ज्या टापूत पाऊण शतकात एस. टी. पोहोचली नव्हती, तिथे १ जानेवारी २०२५ रोजी मुख्यमंत्र्यांच्या हस्ते बस सुरू झाली, हेही चांगलेच झाले.

परंतु यातून एक साधा प्रश्न उपस्थित होतो. शासनाच्या मनात आले तर घनदाट जंगलात एका दिवसात इमारत उभी राहते. मग 'दुर्गम भाग आहे, रस्ता नाही, निधी नाही' ही कारणे आगीच्या बंबाचा विषय निघाला की नेमकी कशी आठवतात?

झाडीपट्टीतल्या वाचकाला आग म्हणजे काय ते समजावून सांगण्याची गरज नाही. धान कापून झाला की मळणीपूर्वी त्याचे पुंजणे रचतात. त्या पुंजण्याला कुणी काडी लावली, तर तासाभरात एका कुटुंबाचे वर्षाचे पोट जळून जाते. उन्हाळ्यात कवेलूची घरे, बाजूला गोठा, गोठ्याला लागून तणसाचा ढीग. एक ठिणगी पुरते. बोडी आटलेली असते, हातपंप दम टाकत असतो. गावातली पोरे आणि बाया गुंड, बादल्या, घमेली घेऊन धावतात. कुणाकडे मोटारपंप असेल आणि नेमकी वीज असेल, तर थोडे नशीब. बंब बोलवायचा तो गडचिरोलीहून, देसाईगंजहून, ब्रह्मपुरीहून किंवा मूलहून. तो येईपर्यंत विझवायला राखच उरते. दुसऱ्या दिवशी तलाठी पंचनाम्याला येतो आणि कागदावर 'शॉर्टसर्किट' किंवा 'अज्ञात कारण' असे लिहून जातो.

गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे गोव्यासारखी जवळजवळ चार राज्ये यात मावतील. जिल्ह्याच्या ठिकाणाहून सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या पलीकडे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दरवर्षीचे आहे. अशा जिल्ह्यात गडचिरोली आणि देसाईगंज या दोनच जुन्या नगरपरिषदा. तालुक्याच्या बाकीच्या बहुतेक गावांना २०१५ च्या सुमारास नगरपंचायती मिळाल्या. त्यांच्या हद्दीबाहेर जी शेकडो गावे आहेत, तिथे आग विझविणे नेमके कुणाचे काम?

वकील म्हणून मी या प्रश्नाचे उत्तर आधी संविधानात शोधले. १९९३ मध्ये ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती अंमलात आली. नगरपालिकांसाठी बारावी अनुसूची जोडली गेली. तीत अठरा विषय आहेत आणि सातवा विषय स्पष्ट शब्दांत 'अग्निशमन सेवा' असा आहे. पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आहे. तीत एकोणतीस विषय आहेत. शेती आहे, मत्स्यव्यवसाय आहे, ग्रंथालये आहेत, बाजार आणि जत्रादेखील आहेत. अग्निशमन नाही. म्हणजे शहरात राहणाऱ्याचे घर पेटले तर ते विझविणे हा संस्थेचा विषय. खेड्यात राहणाऱ्याचे पेटले तर ते त्याचे आणि त्याच्या शेजाऱ्याचे नशीब. हा फरक बाबासाहेबांच्या मूळ मसुद्यातला नव्हे, तो नंतरच्या दुरुस्तीकर्त्यांनी आणला, एवढे इथे नमूद केले पाहिजे. महाराष्ट्राने २००६ मध्ये आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा केला, पण त्याचा सारा रोख इमारतींवर आहे. केंद्राने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी पाच हजार कोटींची योजना आणली. त्यातले कोरची किंवा मुलचेरा तालुक्यातल्या खेड्याच्या वाट्याला काय आले, हे आमदारांनी विधानसभेत विचारावे.

चंद्रपूर जिल्ह्यात बंब नाहीत असे मात्र कुणी म्हणू नये. आयुध निर्माणीला स्वतःची अग्निशमन व्यवस्था आहे, औष्णिक वीज केंद्राला आहे. असायलाच हवी. म्हणजे स्फोटके, कोळसा आणि यंत्रे यांच्या रक्षणाची किंमत शासनाला कळते. मजुराच्या कवेलूच्या घराची किंमत मात्र पंचनाम्यानंतर कळते. आणि शासनाची स्वतःची घरे तरी सुरक्षित आहेत काय? शेजारच्या भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून दहा बाळे गेली. सरकारी दवाखान्यात बाळंत होणाऱ्या आया कोणत्या घरांतल्या असतात, हे सांगायला नको.

आता पोलिसांकडे वळू, कारण आमच्या समाजासाठी आग आणि पोलीस हे दोन वेगळे विषय नाहीत. १९७८ च्या जुलै-ऑगस्टमध्ये नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, तेव्हापासून हे आपल्याला पाठ आहे. आग हे जातीचे जुने हत्यार आहे. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ करणाऱ्यांनाही ते ठाऊक होते. म्हणूनच त्या कायद्याच्या कलम ३(२) मध्ये आगीने मालमत्तेचे नुकसान करणे आणि राहते घर किंवा प्रार्थनास्थळ नष्ट करणे यासाठी वेगळी पोटकलमे आहेत. घर जाळले तर जन्मठेपेची तरतूद आहे. परंतु कलम कितीही कडक असले तरी आगीच्या गुन्ह्यात पुरावा काही तासांचाच सोबती असतो. राख गार झाली, लोकांनी जागा झाडली, एक सर येऊन गेली की खटला संपला. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात भांडणानंतर तिसऱ्या रात्री बौद्ध मजुराचे घर पेटले आणि घटनास्थळ पंचनामा झाला सहाव्या दिवशी. तोपर्यंत त्याच्या बायकोने त्याच जागी नवीन चूल मांडली होती. तिने दुसरे काय करायचे होते? आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटले.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते. तीन दिवसांत सही केली म्हणजे झाले. 'ही आमची हद्द नाही' असे आता कोणताही ठाणे अंमलदार म्हणू शकत नाही. कार्यकर्त्यांनी हे कलम खिशात ठेवावे. मात्र ज्या गावात मोबाईलला रेंज पकडायला टेकडीवर चढावे लागते, तिथे इलेक्ट्रॉनिक खबर टेकडीवरूनच द्यावी लागणार, हेही खरे.

ठाणे जवळ आले म्हणजे संरक्षण मिळाले, असे समजण्याइतके आपण भोळे नाही. २६ मार्च १९७२ च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आणि आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्याच्या आवारातच एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. तिच्या भावानेच तक्रार दिली होती म्हणून ती ठाण्यात आली होती. चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये, तिच्या अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत या कारणावरून, पुन्हा सोडले. तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा तो खटला. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराच्या संदर्भात देशाने जे शिकले ते आमच्या या जंगलातल्या एका मजूर मुलीकडून शिकले. तिला स्वतःला मात्र न्याय मिळाला नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गडचिरोलीतला पोलीस हा बऱ्याचदा इथलाच गोंड, माडिया, बौद्ध किंवा ओबीसी शेतमजुराचा पोरगा असतो. १९९० मध्ये सुरू झालेल्या सी-६० पथकाची ताकद हीच की जवान स्थानिक आहेत, भाषा जाणतात. २००९ या एका वर्षात मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी या तीन घटनांत अठ्ठेचाळीस पोलीस मारले गेले. त्यांत महिला पोलीसही होत्या. १ मे २०१९ रोजी तर नक्षलवाद्यांनी आगीचाच गळ केला. कुरखेडा तालुक्यात दादापूरला रस्त्याच्या कामावरची वाहने जाळली आणि त्या खबरीवरून निघालेले पथक जांभुळखेडाजवळ भूसुरुंगाने उडविले. पंधरा जवान आणि खासगी गाडीचा चालक गेला. गावोगावचे पोलीस पाटीलही 'खबरी' ठरवून मारले गेले. गोळी झाडणारा आणि झेलणारा दोघेही गरिबाचेच. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या मोठ्या नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे ठेवली. बंदुकीचा जोर ओसरत असेल, तर या एवढ्या मदत केंद्रांनी यापुढे नेमकी कसली मदत करायची, याचा विचार आत्ताच व्हायला हवा. दादालोरा खिडकीतून दाखले आणि योजना देण्याचे काम पोलिसांनी सुरू केलेच आहे. त्याच आवारात पाण्याची टाकी, एक ट्रॅक्टरवरचा पंप आणि चार प्रशिक्षित तरुण ठेवायला कोणता अडथळा आहे?

गावाचे रक्षण हा आपल्याला नवीन विषय नाही, हे जाता जाता आठवावे. शतकानुशतके रात्रीचा पहारा, चोराचा माग, सरकारी सांगावा ही कामे महाराने केली. चांदा जिल्ह्यात कोतवाल म्हटला की तो बहुधा महार. ज्याने गाव राखले त्याचे घर गावाबाहेर, आणि मोबदला म्हणजे वतनाची बेडी. ती बेडी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात विधेयक मांडले. कनिष्ठ गावकामगार वतने कायद्याने संपली ती १९५८ च्या अधिनियमाने. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने वंशपरंपरा नसलेला पोलीस पाटील आला. राखणदारीला पगार, गणवेश आणि हक्क असावा, फुकटची वेठ नसावी, ही मागणी त्यामुळे आपल्या रक्तातली आहे.

आणि वेठ अजून संपलेली नाही. वणव्याच्या बाबतीत गडचिरोली राज्यात वरच्या क्रमांकावर असते. मोहफुले वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून कंत्राटदाराची माणसे काडी लावतात; झुडपे छाटूनही तेच साधते, पण त्याला मजुरी द्यावी लागते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमातले कलम ७९ काय म्हणते? जंगलात कसलाही हक्क उपभोगणाऱ्या प्रत्येकाने आग विझवायला धावलेच पाहिजे. मजुरीचा उल्लेख नाही. त्याच कायद्याचे कलम २६(३) म्हणते की जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने राखीव जंगलाला आग लागली, तर सरकार तिथले चराईचे आणि वनोपजाचे सगळ्यांचे हक्क काही काळ थांबवू शकते. एकाचा गुन्हा आणि गावाला शिक्षा. हा इंग्रजांचा कायदा आहे आणि तो अजून पुस्तकात आहे.

त्याला उत्तर २००६ च्या वनहक्क कायद्यात आहे. कलम ५ ने जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला आणि त्यानंतर जिल्ह्यातल्या हजाराहून अधिक गावांना. जाळरेषा, ब्लोअर, फायर वॉचरची मजुरी यांचा पैसा मात्र अजून वनखात्याच्या हातात आहे. अधिकार ग्रामसभेचा आणि तिजोरी साहेबांची, अशी ही वाटणी.

१ मे ची ग्रामसभा नेमकी वणव्याच्या आणि तेंदूच्या हंगामात येते. त्या दिवशी तीन गोष्टींचा ठराव नावानिशी नोंदवून घ्यावा: आपल्या सामूहिक वनक्षेत्रातल्या जाळरेषेचा व फायर वॉचरचा निधी ग्रामसभेच्या खात्यात द्यावा, जवळच्या पोलीस मदत केंद्रात पाण्याचा टँकर व पंप ठेवावा, आणि जळीताचा पंचनामा चोवीस तासांत करावा. वांगेतुरीला चोवीस तास पुरले होते. ठरावाची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक पोलीस अधीक्षकांना, एक उपवनसंरक्षकांना द्यावी आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नये.