आम्ल-आम्लारी संतुलन व रक्तवायूंची मूल्ये : जव्हार-मोखाड्यातील बालआरोग्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे आदिवासीबहुल, डोंगराळ तालुके आहेत. ते ठाणे जिल्ह्यात असताना १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी संपूर्ण महाराष्ट्राचे लक्ष वेधले. तेव्हापासून कुपोषणाची चर्चा प्रामुख्याने वजन, आहार व रोजगार यांच्या अनुषंगाने होते आणि ते योग्यच आहे. तथापि कुपोषित बालकास अतिसार झाला असता त्याच्या रक्तात नेमके काय घडते, हा प्रश्न दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात रक्तवायूंच्या मूल्यांच्या आधारे ही प्रक्रिया स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

संतुलनाचे स्वरूप :
निरोगी माणसाच्या धमनीतील रक्ताचा सामू, म्हणजेच पीएच, ७.३५ ते ७.४५ या अरुंद मर्यादेत असतो. कार्बन डायऑक्साइडचा आंशिक दाब ३५ ते ४५ मिलिमीटर पारा, तर बायकार्बोनेट २२ ते २६ मिलिमोल प्रति लिटर असते. लहान बालकांत ते किंचित कमी आढळते. कार्बन डायऑक्साइड हा आम्लपक्ष असून त्याचे नियमन फुप्फुसे काही मिनिटांत करतात. बायकार्बोनेट हा आम्लारीपक्ष असून त्याचे नियमन मूत्रपिंडे काही दिवसांत करतात. सामू यांपैकी कोणत्याही एका घटकावर अवलंबून नसून दोहोंच्या गुणोत्तरावर अवलंबून असतो, हे सूत्र येथे मध्यवर्ती आहे.

अतिसारातील बिघाड :
अतिसारात आतड्यांवाटे पाण्याबरोबर बायकार्बोनेटही वाहून जाते. शरीरातील पाणी फार कमी झाल्यास पेशींना रक्तपुरवठा अपुरा पडतो व लॅक्टिक आम्लाची भर पडते. त्यातच कुपोषित बालकाच्या मूत्रपिंडांची आम्ल बाहेर टाकण्याची क्षमता मंदावलेली असते. परिणामी सर्व भार फुप्फुसांवर येतो आणि बालक खोल व जलद श्वास घेऊ लागते. हा श्वास म्हणजे आम्ल बाहेर टाकण्याचा शरीराचा प्रयत्न होय.

मूल्यांचे वाचन :
आकलनासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. अतिसारग्रस्त बालकाचे बायकार्बोनेट १० आहे. विंटर्स यांच्या सूत्रानुसार बायकार्बोनेटला दीडने गुणून त्यात ८ मिळवल्यास कार्बन डायऑक्साइडचा अपेक्षित दाब मिळतो; येथे तो २३ येतो व त्यात दोनचा फरक ग्राह्य धरतात. प्रत्यक्ष दाब २३ असेल तर सामू सुमारे ७.२६ राहतो. बालक आजारी आहे, परंतु त्याची फुप्फुसे झुंज देत आहेत.

आता त्याच बालकाचा दाब ३८ झाला असे समजू. तक्त्याप्रमाणे ३८ हा आकडा सामान्य आहे. पण बायकार्बोनेट १० असताना या दाबास सामू सुमारे ७.०४ पर्यंत घसरतो. याचा अर्थ श्वसनाचे स्नायू थकले आहेत. श्वास मंदावल्याने पालकांना बाळ शांत झाले असे वाटते. वास्तविक तो सर्वाधिक धोक्याचा क्षण असतो. केवळ तक्त्याशी आकडा जुळवणारा वाचक येथे फसतो.

अशी फसगत इतिहासातही झाली आहे. १९५२ मध्ये कोपनहेगन येथील पोलिओच्या साथीत रुग्णांच्या रक्तातील एकूण कार्बन डायऑक्साइड वाढलेला आढळला. त्याचा अर्थ प्रारंभी आम्लारीची वाढ असा लावण्यात आला. ब्योर्न इब्सेन यांनी ते श्वसन अपुरे पडल्याचे लक्षण असल्याचे ओळखले व हाताने कृत्रिम श्वास देण्याचा मार्ग दाखवला. त्यामुळे अनेकांचे प्राण वाचले.

दुर्गम भागातील मर्यादा :
रक्तवायूंचा नमुना सर्वसाधारणपणे ३० मिनिटांच्या आत तपासावा लागतो, कारण नळीतील रक्तपेशी प्राणवायू वापरून आम्ल निर्माण करीतच असतात. त्यामुळे जेथे यंत्र नाही तेथून नमुना नाशिक वा ठाण्यास पाठवणे निरर्थक ठरते. रुग्णालाच न्यावे लागते. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर प्राणवायूची संपृक्तता दाखवतो. सामू वा कार्बन डायऑक्साइड दाखवीत नाही. आम्लता तीव्र असतानाही त्यावर ९८ हा आकडा दिसू शकतो.

अशा वेळी श्वासाचे निरीक्षण हेच पहिले साधन ठरते. खोकला नसताना खोल, जलद श्वास, खोल गेलेले डोळे व मंदावलेली लघवी ही लक्षणे एकत्र दिसल्यास तो केवळ छातीचा विकार समजू नये. अर्थात न्यूमोनियाही सोबत असू शकतो. जलसंजीवनीच्या एका लिटरमध्ये २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असते. यकृतात त्याचे बायकार्बोनेट बनते. म्हणजे ती पाण्याबरोबरच गमावलेली आम्लारीही परत देते. मात्र तीव्र कुपोषित बालकास ती वैद्यकीय देखरेखीखाली, सावकाश द्यावी लागते. अतिरिक्त द्रवाचा भार त्याच्या हृदयास पेलत नाही.

समारोप :
रक्तवायूंचा अहवाल हा सुटा आकडा नसून आकड्यांचा परस्परसंबंध असतो. विज्ञान शाखेत सामू शिकवताना हे उदाहरण घेतल्यास पाठ्यपुस्तकातील संकल्पना विद्यार्थ्याच्या पाड्यापर्यंत पोहोचेल. मंदावलेला श्वास म्हणजे बरे होणे नव्हे, एवढे जरी त्याने घरी सांगितले तरी रुग्णालयाची वाट वेळेत धरली जाईल.